जुगाडाचे पोवाडे पुरे, सुटे भाग द्या!



रेल्वे सप्ताह आला की मंडप पडतो, खुर्च्या येतात, हार-तुरे येतात आणि वर्षभर सिक लाइनकडे न फिरकलेले साहेब लोक व्यासपीठावर दिसू लागतात. गेल्या वर्षीच्या बक्षीस समारंभात एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी जोरदार भाषण ठोकले. त्यांचे नाव आणि डेपोचे नाव आम्ही घेत नाही. आमचे भांडण व्यक्तीशी नाही, वृत्तीशी आहे. ते म्हणाले, "व्हिएतनामच्या लढाईत हेलिकॉप्टरच्या पात्याला गोळी लागून भोक पडले, तर जवानांनी त्यावर चिकटपट्टी लावली आणि हेलिकॉप्टर उडवून घरी आणले. आणि तुम्ही इथे एका पिनेसाठी रेक अडवून ठेवता!" मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटे कशाला बोला, आमच्यातल्याही अनेकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच समारंभात आमच्या एका फिटर बंधूला प्रमाणपत्र आणि रोख बक्षीस मिळाले. त्याचे कर्तृत्व हे की, ब्रेक गिअरच्या पिनेला लावायची स्प्लिट पिन स्टोअरमध्ये नसताना त्याने तारेचा पीळ घालून गाडी वेळेवर काढून दिली.

त्यानंतर तीन महिन्यांनी त्याच डेपोत, तशाच स्प्लिट पिनेच्या जागी, तशीच तार दुसऱ्या एका बंधूने वापरली. तार तुटली, पिन निसटली, ब्रेकचा दांडा लोंबकळत खडीवर आपटू लागला. एका गेटमनने ठिणग्या पाहिल्या आणि लाल झेंडी दाखवून गाडी थांबवली, म्हणून कोणी मेले नाही. चौथ्या दिवशी त्या बंधूच्या हातात एसएफ-५ पडला. आरोप काय? "अनधिकृत वस्तू वापरून प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात आणली." त्याने स्प्लिट पिनांची मागणी रजिस्टरमध्ये तीनदा लिहिली होती. तिन्ही वेळा समोर शेरा होता: "साठ्यात नाही."

एकाच तारेला आधी बक्षीस आणि नंतर आरोपपत्र! हा कुठला न्याय?

या प्रकरणाची चौकशी अजून चालू आहे आणि आमचा माणूस तीत एकटा नाही, हे आम्ही प्रशासनाला कळवले आहे. पण ते हेलिकॉप्टर आमच्या डोक्यातून जाईना. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. आकाशात घरघर ऐकू आली की मान वर करायची, एवढाच आमचा हेलिकॉप्टरशी संबंध. पण साहेबांनी दाखला दिला आहे, तर तो तपासून पाहणे आमचे काम. आमच्या शाखेतील एका सहकाऱ्याचे धाकटे बंधू लष्कराच्या हेलिकॉप्टर दुरुस्तीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्यापुढे दोन संध्याकाळी मांडी घालून बसलो, जुन्या अपघातांचे चौकशी अहवाल समजावून घेतले. जे कळले ते आमच्या रेल्वे आणि टपाल खात्यातील सर्व बांधवांना कळावे, म्हणून हा लेख.

पाते म्हणजे नुसता पंखा नव्हे

विमानाला पंख असतात. इंजिन बंद पडले तरी ते काही अंतर तरंगत जाते. हेलिकॉप्टरचे पंख म्हणजे त्याची फिरती पाती. इंजिन बंद पडले तरी वाऱ्याच्या झोताने पाती फिरत ठेवून कुशल वैमानिक ते उतरवू शकतो. पण पातेच तुटले तर कौशल्य काय करणार? म्हणजे आपल्याकडे अ‍ॅक्सल तुटावा, तसेच हे.

आपल्या सैन्यात वर्षानुवर्षे सेवा केलेल्या चेतक आणि चीता या हेलिकॉप्टरांना तीन पाती असतात, पंख्याचा व्यास सुमारे ११ मीटर, आणि मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे. हिशेब मांडला तर पात्याच्या टोकाला चिकटवलेले १० ग्रॅमचे वजन फिरताना सात किलोहून अधिक ओढीने बाहेर खेचते. दहा ग्रॅम म्हणजे चिमूटभर माल. एका पात्यावर पट्टी लावली आणि दुसऱ्यावर नाही, किंवा एका पात्यात पाणी मुरले आणि दुसऱ्यात नाही, की सगळे यंत्र थरथरू लागते. जुन्या काळच्या बेल ४७ सारख्या हेलिकॉप्टरांची पाती लाकडाची असत आणि दमट हवेत लाकूड ओल धरते, म्हणून ती जोडीने निवडून बसवावी लागत.

सगळी पाती एकाच पातळीत फिरतात की नाही, हे पाहण्याची जुनी पद्धत तर आपल्या गँगमधल्या माणसालाही आवडेल. प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा खडू लावायचा आणि बांबूसारख्या दांड्यावर ताणलेले कापड फिरत्या पंख्याच्या कडेला हळूच न्यायचे. कापडावर रंगाच्या खुणा एकाच ठिकाणी उमटल्या तर ठीक. वर-खाली उमटल्या तर पात्याच्या मागच्या कडेवरची पत्र्याची छोटी पट्टी किंचित वाकवून पुन्हा पाहायचे. पुढे हे काम दिव्याच्या लुकलुकाटाने आणि कंपने मोजणाऱ्या यंत्रांनी होऊ लागले.

आणखी एक गोष्ट ऐका. थर चिकटवून केलेल्या पात्यात कुठे थर सुटला आहे का, हे पाहायला तिथला कामगार नाण्याने किंवा छोट्या हातोडीने पाते ठोकत जातो. 'टण' आवाज आला तर पाते धड, 'बद' आवाज आला तर आत पोकळी. आपला ट्रेन एक्झामिनर फलाटाच्या कडेने चाके ठोकत जायचा, तीच ही विद्या! अब्जावधी रुपयांच्या यंत्राचा जीवही शेवटी कामगाराच्या कानावर अवलंबून असतो. हे सांगताना त्या निवृत्त बंधूंचा ऊर भरून आला होता, आणि आमचाही.

चिकटपट्टीची खरी गोष्ट

आता साहेबांच्या चिकटपट्टीकडे येऊ. गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची ह्यूई हेलिकॉप्टरे गोळ्या खाऊन परत येत. पात्यावरच्या लहान भोकाची कड कानशीने गुळगुळीत करून वर हिरवी चिकटपट्टी लावत आणि हेलिकॉप्टर पुन्हा जाई. सैनिक तिला 'ताशी शंभर मैलांची पट्टी' म्हणत, कारण तेवढ्या वाऱ्यात ती टिकते अशी तिची ख्याती होती.

पण साहेब, ह्यूईचा पंखा साधारण साडेचौदा मीटर व्यासाचा आणि मिनिटाला सुमारे ३२४ फेऱ्यांचा. म्हणजे पात्याचे टोक ताशी जवळजवळ ८९० किलोमीटर वेगाने हवा कापते! शंभर मैल म्हणजे १६० किलोमीटर. टोकाजवळ ही पट्टी किती वेळ टिकणार, हे सांगायला मॅट्रिकचीही गरज नाही. ती पट्टी दुरुस्ती नव्हतीच. शत्रूच्या गोळीबारातून माणसांना बाहेर काढण्याची ती अखेरची सोय होती.

आणि त्या सोयीलाही नियम होता. भोक कुठे आहे, किती मोठे आहे, पात्याच्या आतल्या कण्याला धक्का लागला आहे का, यावर उडायचे की नाही ते ठरे. पुढे अमेरिकी सैन्याने लढाईतील नुकसानीच्या झटपट दुरुस्तीची वेगळी पुस्तिकाच केली. तिचे सूत्र असे: ही दुरुस्ती लढाईपुरती, तिची नोंद करा, आणि पहिली संधी मिळताच ती काढून नियमाप्रमाणे पक्की दुरुस्ती करा. साहेबांनी भाषणात पट्टी सांगितली, नोंद मात्र गाळली! आणि आम्ही विचारतो, आमच्या सिक लाइनवर कोणता शत्रू गोळ्या झाडतो आहे? इथे लढाई नाही. इथे फक्त स्टोअरमध्ये पिन नाही.

दुसऱ्या जातीची पट्टीही असते, तीही समजून घ्या. पात्याची पुढची कड पावसाच्या थेंबांनी झिजते, वाळूने तर घासून निघते. वाळवंटात रात्री उतरताना वाळूचे कण कडेवरच्या धातूवर घासून पंख्याभोवती ठिणग्यांचे कडे दिसते. या झिजेपासून वाचण्यासाठी कडेवर पोलाद, टायटॅनियम किंवा निकेलची आवरणे बसवतात, आणि काही ठिकाणी पॉलियुरेथेनची खास पारदर्शक पट्टी लावतात. पण ती ठरलेल्या जाडीची, ठरलेल्या लांबीची, सर्व पात्यांवर सारखी लावायची आणि खराब झाली की बदलायची, असा शिरस्ता आहे. तिला जुगाड म्हणत नाहीत, देखभाल म्हणतात. साहित्य दिले, मोजमाप दिले, वेळ दिला, की त्याच पट्टीची देखभाल होते. काहीच दिले नाही, की तीच पट्टी जुगाड होते.

टपाल वाहणारी हेलिकॉप्टरे आणि थकलेला धातू

आता टपाल खात्यातील बांधवांनी लक्ष द्यावे. हेलिकॉप्टरने नेमाने प्रवासी नेणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या कंपन्यांपैकी दोघींचा जन्म टपालाच्या थैल्यांतून झाला. लॉस एंजेलिसच्या कंपनीने १९४७ साली आणि शिकागोच्या कंपनीने १९४९ साली हेलिकॉप्टरने टपाल वाहायला सुरुवात केली. प्रवासी नंतर आले. दोघींच्याही वाट्याला आलेल्या एकेका काळ्या दिवसाचे कारण एकच होते: थकलेला धातू.

२७ जुलै १९६० रोजी शिकागोच्या कंपनीचे हेलिकॉप्टर हवेतच मोडून पडले. १३ माणसे गेली. मुख्य पंख्याचे एक पाते थकव्याच्या तड्याने तुटले होते. १४ ऑगस्ट १९६८ रोजी लॉस एंजेलिसच्या कंपनीचे हेलिकॉप्टर कॉम्प्टन येथे कोसळले. २१ जण मृत्युमुखी पडले. तिथे पात्याला मध्यभागी धरून ठेवणारी धातूची खुंटी तुटली. ठरल्याइतका कणखरपणा त्या धातूत नव्हता, आणि तडा जाऊ नये म्हणून पृष्ठभागावर छर्रे मारून जी मजबुती आणतात, तीही नीट झालेली नव्हती, असे तपासात निघाले.

थकवा म्हणजे काय, हे रेल्वे कामगाराला सांगायला नको. लोखंड एका घावाने तुटत नाही. लाखो वेळा थोडे थोडे वाकून आत केसाएवढा तडा जातो, तो रोज वाढतो, आणि एके दिवशी अ‍ॅक्सल किंवा रूळ कडाडतो. म्हणून आपण अ‍ॅक्सलला अल्ट्रासॉनिक लावतो. हेलिकॉप्टरवाल्यांनीही युक्ती काढली. आपल्या हवाईदलाला ओळखीच्या असलेल्या एमआय-८ जातीच्या हेलिकॉप्टरात पात्याच्या पोकळ कण्यात दाबाने हवा भरलेली असते. कण्याला तडा गेला की हवा गळते, दाब उतरतो आणि पात्याच्या मुळाशी असलेल्या दर्शकात लाल खूण दिसते. पाइप फुटला की एअर ब्रेक आपोआप लागतो, तसेच हे. तडा स्वतःच बोंब मारतो!

जे झाकते तेच मारते

पण बोंब दाबली तर? इथे आम्ही मुद्द्याच्या गाभ्याशी येतो.

१६ जुलै २००२ रोजी इंग्लंडच्या पूर्वेला उत्तर समुद्रात नैसर्गिक वायूच्या विहिरींवरच्या कामगारांना नेणारे सिकोर्स्की एस-७६ हेलिकॉप्टर कोसळले. ११ जण मृत्युमुखी पडले. पाण्यातून काढलेल्या पात्याने सगळी कहाणी सांगितली. त्या पात्यावर १९९९ साली वीज पडली होती. पाते निर्मात्याकडे गेले, तपासले गेले आणि पुन्हा सेवेत आले. पुढच्या कडेवरच्या टायटॅनियमच्या आवरणात निर्मितीच्या वेळचा एक दोष होता. त्याच्या जवळच विजेने आतल्या कण्याला बारीक इजा केली होती. ती आवरणाखाली झाकलेली राहिली, तिथून तडा वाढत गेला आणि तीन वर्षांनी पाते तुटले. कारखान्यात, पगारी तज्ज्ञांच्या हाताखालून गेलेल्या पात्याची ही गत. मग आमच्या फिटरच्या तारेच्या पिळाची काय कथा!

बंधू-भगिनींनो, जुगाडाचा खरा धोका तो कच्चा असतो एवढ्यापुरता नाही. खरा धोका हा की तो झाकतो. पात्यावरची पट्टी खालचा तडा पुढच्या पाळीच्या कामगाराच्या नजरेआड करते. आणि स्प्लिट पिनेच्या जागी घातलेली तार काय झाकते? ती स्टोअरमधला खडखडाट झाकते! गाडी वेळेवर सुटली म्हणजे वरच्या कागदावर सगळे आलबेल. पिना नाहीत हे कुणाला दिसतच नाही. मागणी दाबली जाते, खरेदी लांबते, रिक्त जागा भरल्या जात नाहीत, आणि कारभार कसा काटकसरीने चालला आहे म्हणून वरचे वरच्यांची पाठ थोपटतात. आपण आपल्या हाताने त्यांच्या गलथानपणावर पट्टी चिकटवतो, आणि ती सुटली की फटका आपल्यालाच बसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पैसा नाही, ही सबब तर आम्हाला सांगूच नका. राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोष म्हणून पाच वर्षांसाठी एक लाख कोटी रुपयांचा निधी २०१७-१८ पासून सुरू झाला. त्यातले पैसे कुठे गेले? गाड्या रुळावरून घसरण्याबाबतचा महालेखापरीक्षकांचा २०२२ चा अहवाल सांगतो की, या निधीतून पायांना मालिश करणारी यंत्रे, क्रोकरी आणि फर्निचर अशा वस्तूही घेतल्या गेल्या! साहेबांच्या पायाला मालिश आणि पिनेच्या जागी तार! आयजीच्या जिवावर बायजी उदार!

टपाल खात्यात तरी वेगळे काय आहे? खेड्यातल्या डाक सेवकाच्या हातातले यंत्र नेटवर्क धरत नाही. तो बिचारा टेकडीवर चढतो, स्वतःच्या मोबाइलवर स्वतःच्या पैशाचे नेट मारतो, लोकांचे पैसे खोळंबू नयेत म्हणून कागदावर टिपून ठेवून संध्याकाळी नोंदी करतो. तोवर त्याला 'उपक्रमशील' म्हणतात. एके दिवशी हिशेबात तफावत आली की 'नियमबाह्य व्यवहार' म्हणून वसुली कोणाकडून? त्याच्याचकडून. तार वेगळी, पीळ तोच.

तात्पुरत्या दुरुस्तीला आमचा विरोध नाही

कोणी म्हणेल, युनियनवाल्यांना काम नको, म्हणून ही सगळी भाषणबाजी. आम्ही निक्षून सांगतो, तात्पुरत्या दुरुस्तीला आमचा अजिबात विरोध नाही. उलट ती कशी करावी, हे आमच्या ट्रॅकमनने जगाला शिकवावे.

थंडीच्या पहाटे की-मनला रूळ तुटलेला दिसतो. तो काय करतो? आधी दोन्ही बाजूंनी गाडी थांबवण्याची व्यवस्था करतो. मग तुटलेल्या जागी फिशप्लेट लावून क्लॅम्पने आवळतात, खाली लाकडी ठोकळा देतात. गाडी सावकाश सोडतात, ड्रायव्हरला कॉशन ऑर्डर मिळते, जागेवर माणूस उभा राहतो, आणि ठरलेल्या मुदतीत रूळ बदलून पक्के काम होते. ही दुरुस्तीही कच्चीच आहे. पण ती लपवलेली नाही! तिची वेगमर्यादा आहे, तिची नोंद आहे, तिच्यावर पहारा आहे, तिची मुदत आहे. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असते की इथे रूळ तुटलेला आहे.

तात्पुरती दुरुस्ती आणि जुगाड यांतला फरक एवढाच, पण तो जीवन-मरणाचा आहे. तात्पुरती दुरुस्ती सर्वांना सांगून होते. जुगाड तोंडी हुकमाने होतो आणि तोंडीच विसरला जातो.

थांबण्याचा अधिकार

२४ एप्रिल १९८० ची घटना घ्या. इराणमधील अमेरिकी ओलिसांना सोडवण्यासाठी निमिट्झ या विमानवाहू जहाजावरून आठ हेलिकॉप्टरे रात्री निघाली. सुमारे दोन तासांनी त्यांतील एकाच्या चालकांना पात्याच्या कण्यातला दाब उतरल्याचा इशारा मिळाला. त्यांनी हेलिकॉप्टर वाळवंटात उतरवले, तपासले, तिथेच सोडून दिले आणि दुसऱ्या हेलिकॉप्टरात बसून पुढे गेले. साऱ्या देशाची इभ्रत पणाला लागलेली असताना! आणखी दोन हेलिकॉप्टरे इतर बिघाडांमुळे बाद झाली आणि मोहीम रद्द करावी लागली. परतीच्या गडबडीत झालेल्या टकरीत आठ सैनिक मेले. त्या मोहिमेचे राजकारण अमेरिकेने पाहावे. आमचा मुद्दा एवढाच की, पात्याने इशारा दिला तेव्हा ते चालक थांबले. त्यांनी पट्टी शोधली नाही.

आपल्या देशातही थांबता येते. नोव्हेंबर २००५ मध्ये आपल्याच हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेल्या ध्रुव हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्यात बिघाड झाला आणि सगळी ध्रुव हेलिकॉप्टरे काही काळ जमिनीवर ठेवण्यात आली. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तिघे मृत्युमुखी पडले. पात्यांचा कोन बदलणारी जी चकती पंख्याखाली असते, ती भंगल्याचे तपासात दिसले. पुन्हा सगळा ताफा जमिनीवर ठेवला गेला, आणि सैन्य व हवाईदलाच्या हेलिकॉप्टरांना काही महिन्यांनी, तपासणीनंतरच परवानगी मिळाली. देशाच्या सीमेवरचा पुरवठा ज्या यंत्रांवर चालतो, ती यंत्रे थांबू शकतात, आणि आमचा एक रेक एका पिनेसाठी थांबला की तो देशद्रोह होतो काय?

आणि हेही विसरू नका की हा अधिकार कोणी ताटात वाढून देत नाही. २०१५ साली लष्करी वैमानिकांच्या पत्नी जुनाट झालेली चीता-चेतक हेलिकॉप्टरे बंद करा, अशी मागणी घेऊन तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे गेल्या होत्या. ज्यांचे नवरे त्या यंत्रात बसत होते, त्या बायकांना बोलावे लागले! शिस्तीच्या बंधनामुळे जवान बोलू शकत नाही. आपल्याला तर संघटना आहे. आपण गप्प बसलो तर दोष कोणाचा?

एक योगायोग पाहा. आपल्या गाड्यांचे अपघात तपासणारे रेल्वे संरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली येत नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. १९४१ साली ही तपासणी रेल्वे बोर्डापासून वेगळी काढून तेव्हाच्या टपाल व हवाई खात्याकडे दिली गेली. गाडी चालवणाऱ्यानेच गाडीची चौकशी करू नये, हे तत्त्व इंग्रजांच्या काळातही मान्य झाले होते. २०१२ साली डॉ. अनिल काकोडकर समितीने त्याही पुढे जाऊन कायद्याने स्थापलेल्या स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली. ती शिफारस वर्षानुवर्षे फायलीत धूळ खात राहिली. आमचे म्हणणे, तेच तत्त्व डेपोच्या पातळीवर आणा. ज्याने पिन पुरवली नाही, त्यानेच पिन न लावणाऱ्याची चौकशी करू नये!

आमचेही चुकते

नुसते प्रशासनाला झोडून आम्ही थांबणार नाही. आरशात पाहण्याचीही हिंमत हवी. जुगाड करण्यात आपल्याला मोठेपणा वाटतो. "साहेब, तुम्ही काळजी करू नका, मी काढतो गाडी," असे म्हणताना आपली छाती फुगते. आम्हीही तरुणपणी हे केले आहे, शाबासकी घेतली आहे, चहा पाजून घेतला आहे. आणि शेजारचा एखादा नियमावर बोट ठेवून उभा राहिला तर आपणच त्याला 'कामचुकार' म्हटले आहे. तो कामचुकार नव्हता, तोच खरा कारागीर होता, हे कबूल करायला आम्हाला पन्नाशी उलटावी लागली.

त्या निवृत्त बंधूंना आम्ही शेवटी विचारले, "तुम्ही इतक्या वर्षांत कधी पट्टी लावून हेलिकॉप्टर सोडले का हो?" ते म्हणाले, "वहीत न लिहिता कधीच नाही. वैमानिक सही करायच्या आधी माझे लिहिलेले वाचतो आणि मग आत बसतो. तो वाचतो, म्हणून मी लिहितो." आमच्या गाडीचा ड्रायव्हर आणि गाडीतला प्रवासी आमचे रजिस्टर वाचत नाहीत. म्हणूनच आपण ते अधिक चोख लिहिले पाहिजे.

आमच्या मागण्या

एक: प्रत्येक तात्पुरत्या दुरुस्तीची लेखी नोंद, तिची वेगमर्यादा आणि तिची मुदत ठरवा. मुदत संपताच गाडी थांबलीच पाहिजे.

दोन: तोंडी हुकूम बंद. ज्याला गाडी काढायची घाई आहे, त्या अधिकाऱ्याने आपल्या सहीने लिहून द्यावे.

तीन: 'साठ्यात नाही' हा शेरा म्हणजे सुरक्षेचा इशारा माना. तो दोनदा पडला की त्याची प्रत संरक्षा विभागाकडे आणि मान्यताप्राप्त संघटनेकडे गेली पाहिजे.

चार: अपघाताच्या चौकशीत शेवटच्या हाताबरोबर स्टोअर, खरेदी आणि रिक्त जागा यांचीही झडती घ्या.

पाच: बक्षीस द्यायचेच असेल तर दोष झाकणाऱ्याला न देता दोष उघड करणाऱ्याला द्या. ज्या गेटमनने लाल झेंडी दाखवून गाडी वाचवली, त्याला आजवर साधे पत्रही मिळालेले नाही!

सहा: आमच्या आरोपपत्रित बंधूवरील कारवाई तात्काळ मागे घ्या.

आणि आपल्या सभासदांना आमचे एकच आवाहन. उद्यापासून वहीत न लिहिलेली तार कोणत्याही गाडीला घालू नका, डाक सेवकांनी लेखी तक्रार केल्याशिवाय स्वतःच्या खिशातून खात्याचे काम चालवू नये. कोणी दटावले तर नम्रपणे रजिस्टर पुढे करा आणि म्हणा, "साहेब, इथे सही करा." बहुतेक वेळा तेवढ्यानेच पिन सापडेल!

पुढच्या रेल्वे सप्ताहात कोणी पुन्हा व्हिएतनामची चिकटपट्टी काढली, तर आपल्यातल्या एकाने उभे राहून एवढेच विचारावे: "साहेब, ती पट्टी लावल्याची नोंद कोणी केली होती, आणि पक्के पाते कधी बसवले?" उत्तर मिळेपर्यंत टाळ्या वाजवू नका.

कामगार एकजुटीचा विजय असो!